नवशिक्याचा अधिकार

ऑर्किड लावायचे मनात आले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला आहे. फुलावर आलेले फॅलेनॉप्सिस घ्या, फार तर डेंड्रोबियमचा एखादा संकर घ्या, तो दोन-तीन वर्षे जगवून दाखवा, मग पुढचे बघू. रोपांच्या भानगडीत पडू नका, आणि ती रोपे ‘अवघड’ जातीची असतील तर त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. रोपवाटिकेतला माणूस हे सांगतो, पुष्पप्रदर्शनात भेटणारे जाणते हौशी हे सांगतात, पुस्तकांच्या पहिल्या प्रकरणातही बहुधा हेच असते. सांगणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो याबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. माझे मत असे की, आपल्या हवेला मानवणारी जात निवडली, तर अवघड समजल्या जाणाऱ्या ऑर्किडची लहान रोपे लावणे हीच नवशिक्याची योग्य सुरुवात आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही.

ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते. हरभऱ्याच्या किंवा भाताच्या दाण्यात कोंबासाठी अन्नाचा साठा असतो. ऑर्किडच्या बियात तो जवळजवळ नसतोच. निसर्गात एखादी विशिष्ट बुरशी त्या बियात शिरते आणि तिच्याकडून मिळणाऱ्या अन्नावर कोंब वाढतो. प्रयोगशाळेत बुरशीचे हे काम साखर घातलेले अगारचे माध्यम करते. बंद बाटलीत रोप महिनोन्‌महिने निर्जंतुक, पूर्ण दमट हवेत, आयत्या अन्नावर वाढते. त्यामुळे त्याच्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पानांवरची रंध्रे कोरड्या हवेत वेळेवर मिटत नाहीत. असे रोप बाटलीबाहेर काढून उघड्यावर ठेवले तर ते बघता बघता मान टाकते. पाणी जास्त साचले तर मर रोगाची बुरशी त्याला देठापाशी धरते. तयार झाडाजवळ जाड कंद असतात, चामड्यासारखी पाने असतात. आठवडाभर पाणी विसरले तरी ते तग धरते. रोपाजवळ अशी शिल्लक नसते. त्यातून फूल दिसायला जातीप्रमाणे तीन ते सात वर्षे लागतात, आणि नव्या माणसाचा उत्साह इतका टिकत नाही. दुर्मीळ जातीची रोपे अननुभवी हाती देणे हा तर अपव्ययच. आणि सगळ्यांत शेवटी, शिकण्याला पायऱ्या असतात. पहिली चढल्याशिवाय दहावी चढू नये.

रोपाच्या नाजूकपणाचे हे वर्णन मला शब्दशः मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

सुरुवात सोप्या-अवघडच्या यादीपासूनच करू. ही यादी आपण केलेली नाही. ती इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांतून आली आहे, आणि त्या पुस्तकांसमोर होते तिथले काचघर किंवा हिवाळ्यात कृत्रिमरीत्या गरम केलेले दिवाणखाने. त्या खोलीत फॅलेनॉप्सिस सुखाने राहते, म्हणून ते सोपे. सिंबिडियमला थंड रात्री लागतात, त्या ब्रिटनमध्ये फुकट मिळतात, म्हणून तेही सोपे. व्हँडाला भरपूर ऊन, ऊब आणि दमट हवा लागते; लंडनच्या नोव्हेंबरात ऊनही नसते आणि ऊबही, म्हणून ती अवघड. आता हीच यादी घेऊन रत्नागिरीला या. तिथे सिंबिडियमचे मोठ्या फुलांचे संकर पाने भरपूर काढतील, पण फुलासाठी झुरवतील. व्हँडा मात्र आंब्याच्या फांदीला बांधली की मुळे सोडू लागते. आपली रानटी व्हँडा टेसेलाटा तर कोकणात कशाला, देशावरच्या कोरड्या रानातल्या झाडांवरही उन्हाळा काढते. म्हणजे आपला नवशिका जी यादी प्रमाण मानतो, ती त्याच्या अंगणापुरती उलटी आहे. ‘अवघड’ हा वनस्पतीचा गुणधर्म म्हणून छापला जातो. खरे तर तो वनस्पती आणि जागा यांच्यातल्या अंतराचा हिशेब आहे.

हे अंतर न मोजता नियम केले की काय होते, याचा धडा ऑर्किडच्याच इतिहासात आहे. १८३०च्या सुमारास जॉन लिंडली हे ऑर्किडच्या शास्त्रातले सर्वांत मोठे नाव होते. उष्ण कटिबंधातली ऑर्किडे म्हणजे दाट सावली, प्रचंड उष्णता आणि सतत वाफ, असा त्या वेळचा समज. लिंडलींनीही तशीच शिफारस केली होती. श्रीमंतांनी कोंदट उष्णगृहे बांधली, कोळसा जाळून ती तापवली, आणि जहाजांतून आलेली झाडे त्यांत हजारोंनी मेली. मेलेल्यांपैकी कितीतरी मुळात डोंगरमाथ्यांवरची, गार वाऱ्यातली होती. ती जगवणे अशक्यच, असे त्यांच्याबद्दल ठरून गेले. पुढे इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेतून जॉन गिब्सन खासी टेकड्यांत आला, १८३५ ते १८३७ या काळात त्याने तिथली ऑर्किडे गोळा केली, आणि चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन यांनी झाडांना हवा खेळती ठेवायला, वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळे तापमान द्यायला सुरुवात केली. जाँ लिंडेन यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या ऑर्किडांसोबत ती किती उंचीवर सापडली याच्या नोंदी आणल्या. लिंडेन यांच्या ऑर्किडांवरचा लिंडलींचा ग्रंथ १८४६ सालचा आहे. झाडे तीच होती. घर बदलले आणि अशक्य ठरलेली झाडे फुलू लागली. लिंडलींनी पुढे आपले मत सुधारले, ही त्यांची थोरवी. पण कितीतरी वर्षे, जाणत्यांनी सांगितले म्हणून फारसे कुणी प्रश्न विचारले नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतल्या टेबल माउंटनवरच्या डिसा युनिफ्लोराची गोष्टही अशीच बोलकी आहे. ओढ्याकाठी, झिरपत्या कड्यांवर वाढणारे हे लालभडक फुलाचे ऑर्किड जगवायला कठीण म्हणून प्रसिद्ध. त्याला मुळाशी गार, वाहते आणि क्षार जवळजवळ नसलेले पाणी लागते. नळाचे जड पाणी आणि नेहमीची खताची मात्रा दिली की ते जाते. पण ज्याला पाण्याचे मर्म कळले, त्याच्याकडे ते बियांपासूनही वाढते; ऑर्किडांच्या मानाने त्याचे बी मोठे असते आणि ओल्या शेवाळावर, प्रयोगशाळेच्या बाटलीशिवायही ते रुजते. एकाच वनस्पतीचे मोठे झाड अवघड आणि रोप सोपे, हेही शक्य असते. आपल्या मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र डिसा लावायला जाऊ नये, आणि अँडीजच्या ढगांतल्या मॅस्डेव्हालिया, ड्रॅक्युलाही नकोत. त्या नवशिक्याला नकोत तशा तज्ज्ञालाही नकोत, कारण तिथे कौशल्याचा प्रश्नच नाही. हवा विकत घ्यावी लागते. महाबळेश्वरला राहणाऱ्याचे गणित थोडे वेगळे.

रोपांच्या अवघडपणाची जी दहशत आहे तिलाही इतिहास आहे, आणि तो बहुतेक सगळा बी रुजवण्याच्या अवघडपणाचा आहे. इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या व्हीच रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी केलेला कॅलांथेचा पहिला कृत्रिम संकर १८५६ साली फुलला. त्यानंतरही कितीतरी वर्षे माळी बी आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांपाशी शिंपडत आणि वाट बघत. कधी रुजे, बहुधा रुजत नसे, आणि का ते कुणाला ठाऊक नव्हते. १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांना जमिनीत आपोआप रुजलेले ऑर्किडचे कोंब सापडले आणि प्रत्येक कोंबात बुरशी दिसली. कुंडीत बी का रुजत होते ते तेव्हा उलगडले : आईच्या मुळांत तीच बुरशी होती. बर्नार यांना आयुष्य लाभले अवघे छत्तीस वर्षांचे, पण आधुनिक ऑर्किड-संवर्धन त्यांच्या त्या शोधावर उभे आहे. १९२२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नडसन यांनी दाखवून दिले की माध्यमात साखर दिली तर बुरशीशिवायही बी रुजते. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, आणि त्या वाया जाण्याचे युग तिथे संपले.

आज नवशिक्याच्या हाती बाटली येते तेव्हा सर्वांत कठीण टप्पा मागे पडलेला असतो. बी पेरणे, निर्जंतुक ठेवणे, बियातून आलेल्या हिरव्या गोळ्यांना पान-मूळ फुटेपर्यंत सांभाळणे, एका माध्यमातून दुसऱ्यात हलवणे हे सगळे प्रयोगशाळेने केलेले असते. उरते ते रोप बाहेर आणून हवेची सवय लावणे. जळगावकडच्या केळीच्या बागाइतदाराला ‘हार्डनिंग’ हा शब्द शिकवावा लागत नाही. ऊतीसंवर्धित रोपे सावलीत, दमट हवेत ठेवून मग हळूहळू उन्हाला दाखवायची, हे महाराष्ट्राच्या शेतीत आता सर्वांना ठाऊक असलेले काम आहे. ऑर्किडच्या बाबतीत मात्र तेच काम गूढविद्या असल्यासारखे सांगितले जाते.

आता पायऱ्यांचा मुद्दा. फॅलेनॉप्सिस ही पहिली पायरी म्हणतात. पण ती नेमके काय शिकवते? बाजारात येणारे फॅलेनॉप्सिस नियंत्रित हरितगृहात वाढलेले असते, तापमान उतरवून त्याला फुलाचा दांडा काढायला लावलेला असतो, आणि कळ्या उमलत असताना ते दुकानात येते. विकत घेणारा दोन-तीन महिने फुले बघतो, ती दुसऱ्याने आणलेली असतात. दुसऱ्याने जुळवून दिलेल्या तंबोऱ्यापुढे बसून आपल्याला सूर लावता येतो असे समजण्यासारखे हे आहे. फुले गळाल्यावर झाड गच्च मॉसमध्ये, प्लॅस्टिकच्या छोट्या कुंडीत असते, मालक प्रेमाने पाणी घालत असतो, आणि आत मुळे कुजत असतात. वर्षभरात ते गेले की मालक समजतो, सोपे ऑर्किडसुद्धा आपल्याला जमले नाही. हौस तिथेच संपते. अशी हौस संपलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि म्हणून या सल्ल्याबद्दल मला तळमळीने लिहावेसे वाटते.

समजा ते जगले, तरी त्यातून मिळालेले शिक्षण पुढे फारसे चालत नाही. फॅलेनॉप्सिसला विश्रांतीचा काळ नसतो. त्याला वर्षभर पाणी लागते. सह्याद्रीतले डेंड्रोबियम बार्बॅट्युलम पावसाळा संपला की पाने गाळते, थंडीत कोरडे राहते आणि उघड्या, निष्पर्ण काड्यांवर पांढरी फुले काढते. फॅलेनॉप्सिसवर हात बसलेला माणूस त्या निष्पर्ण काड्या बघून घाबरतो, पाणी देतो आणि झाड कुजवतो. जमिनीतल्या हबेनारियांचे तर कंद दिवाळीनंतर पार झोपतात. कुंडी रिकामी दिसते, आणि जूनपर्यंत ती रिकामीच ठेवायची असते. पायऱ्या असतात हे कबूल, पण ही पायरी त्या जिन्याची नाही.

रोप काय शिकवते ते आता बघू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार इथे आहे.

तयार झाड आपल्याकडे येते तेव्हा त्याची मुळे दुसऱ्या जागेसाठी वाढलेली असतात. ऑर्किडच्या मुळांवर पांढऱ्या, स्पंजासारख्या पेशींचे वेष्टन असते. ज्या माध्यमात, ज्या ओलाव्यात मूळ वाढले त्याच्याशी ते जुळलेले असते. विटांच्या तुकड्यांत वाढलेली मुळे मॉसमध्ये दाबली की बहुधा कुजतात, मॉसमधली मुळे उघड्या फळीवर सुकतात. झाडाला नवी मुळे काढून नव्या जागेशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि जुन्या झाडाला हे जड जाते. बाटलीतल्या रोपाची अगारमधली मुळेही बरीचशी मरतात. पण त्याच्या आयुष्यातली पुढची सगळी मुळे तुमच्या कुंडीत, तुमच्या पाण्यावर, तुमच्या गॅलरीच्या वाऱ्यात फुटतात. ते पहिल्यापासून तुमच्या घरचे होते. सीतेची वेणी हे आपल्याकडचे ऑर्किड या बाबतीत प्रसिद्धच आहे : मोठे झाड मुळे दुखावली की वर्ष-वर्ष रुसून बसते. मोठ्या झाडाच्या या स्वभावामुळे तिला अवघड म्हणतात. रोप लहानपणीच फळीवर किंवा लाकडी टोपलीत बसवले, आणि पुन्हा हलवले नाही, तर रुसण्याचा प्रसंगच येत नाही.

दुसरे असे की, नवशिक्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे पाणी घालणे. तयार ऑर्किडे आपल्याकडे तहानेने कमी आणि अतिपाण्याने जास्त मरतात. लहान रोपांना मात्र सतत ओलावा हवा असतो, विश्रांतीचा काळ त्यांना पहिली वर्षे सहसा लागत नाही. एक-दोन वर्षांची डेंड्रोबियमची रोपेसुद्धा थंडीत अगदी कोरडी टाकायची नसतात. रोज जाऊन बघावे, थोडे पाणी शिंपावे, ही नव्या माणसाची ऊर्मी मोठ्या झाडाला घातक आणि रोपाला पोषक आहे. माध्यमातून हवा खेळती ठेवली की पुरे. उलट अनुभवी माणसाकडे झाडे पुष्कळ आणि वेळ थोडा असल्याने त्याच्या हातून लहान रोपांची आबाळ होते. रोपाला लक्ष हवे, आणि लक्ष देण्यात नवशिका कुणाला हार जात नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक तयार झाड मेले तर माणूस काही शिकत नाही. पाणी जास्त झाले, ऊन कमी पडले, की मुळात झाडच रोगट होते? एकाच उदाहरणावरून कारण ठरवता येत नाही. बाटलीत मात्र वीस-पंचवीस रोपे असतात. त्यांचे तीन गट करा. एक गट मॉसमध्ये, एक कोळशाच्या बारीक तुकड्यांत, एक नारळाच्या सोडणात. प्रत्येक गटातली निम्मी पूर्वेच्या खिडकीत, निम्मी शेडनेटखाली. सहा महिन्यांनी कुठला गट तरारला आणि कुठला खंगला ते दिसते, आणि ते ज्ञान कुठल्याही पुस्तकात नसते, कारण ते फक्त तुमच्या घरापुरते खरे असते. शिवाय ही रोपे बियांपासून आलेली असतील तर भावंडांसारखी वेगवेगळी असतात. बाजारातली बहुतेक फॅलेनॉप्सिसे ऊतीसंवर्धनाने केलेल्या हुबेहूब नकला असतात. एकीला जे सोसत नाही ते दुसरीलाही सोसत नाही. बियांच्या रोपांत मात्र एखादे जरा जास्त कोरडेपणा सोसणारे निघते, एखादे जरा जास्त ऊन. निम्मी गेली तरी जी उरतात ती तुमच्या हवेने निवडलेली असतात. अशी निवड करण्याची सोय एका तयार झाडात कुठून येणार?

अपव्ययाच्या आक्षेपाला उत्तर देताना मला थोडे कठोर व्हावे लागेल. दुर्मीळ जातीचे रोप मेल्याचे दुःख करणाऱ्यांनी तयार झाड कुठून येते हेही विचारले पाहिजे. १८५० साली खासी टेकड्यांत जोसेफ हूकर आणि टॉमस टॉमसन यांनी निळ्या व्हँडाची सात माणसांना पेलतील इतकी ओझी क्यू उद्यानासाठी गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोहोचली ती फार थोडी. हे हूकर यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यानंतर अशा ऑर्किडांची रानातून इतकी लूट झाली की आज निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलम यांना वन्यजीव संरक्षण कायद्यात खास संरक्षण द्यावे लागले आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात अख्खे ऑर्किड कुळ आहे. तरीही रानातून ओरबाडलेली फुलावरची झाडे आजही विकली जातात, कारण ‘तयार झाडच घ्या’ या सल्ल्याने त्यांना गिऱ्हाईक मिळते. प्रयोगशाळेत वाढलेले रोप मेले तर रानातले एकही झाड कमी होत नाही. चार्ल्स डार्विन यांनी एका साध्या युरोपीय ऑर्किडच्या झाडावर १,८६,३०० बिया होतील असा हिशेब केला होता. त्या सगळ्या रुजल्या तर पणतवंडांनी जवळजवळ सगळी जमीन झाकून जाईल, असेही त्यांचे गणित होते. जमीन झाकली जात नाही, कारण बहुतेक सगळ्या बिया मरतात. बाटलीतल्या वीसपैकी पाच रोपे जगली तरी निसर्गाच्या मानाने ते यश अफाट आहे.

आणि रोपांचे मोल फक्त हौसेपुरते नाही. तिरुवनंतपुरमजवळ पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी इप्सिया मलबारिका हे पश्चिम घाटातले दुर्मीळ ऑर्किड प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा रानात लावले आहे. अशी कामे एकट्या संस्थांना कायम पेलवणारी नाहीत. रोप बाटलीतून काढून जगवू शकणारी शे-दोनशे माणसे सावंतवाडी, कोल्हापूर, पणजी, साताऱ्यात असली, तर उद्या आपल्याकडच्या एखाद्या जातीला त्यांचा आधार होईल. ही माणसे दहा वर्षे फॅलेनॉप्सिस सांभाळून तयार होणार नाहीत.

वेळेच्या आक्षेपाबद्दल फार बोलायला नको. आंब्याचे कलम लावणारा माणूसही काही वर्षे थांबतो. जे दर महिन्याला नवे पान, नवे मूळ काढते त्याच्यासाठी थांबणे कंटाळवाणे होत नाही. कंटाळवाणे असते ते फुले गळून गेलेले, वर्षभर जैसे थे राहणारे झाड.

मग हे करायचे कसे? महाराष्ट्र आणि गोव्यात आपल्याला एक देणगी आहे, तिचा उपयोग उत्तरेकडच्या पुस्तकांना सुचणे शक्य नाही. ती देणगी म्हणजे पावसाळा. परदेशी पुस्तके रोपांसाठी पेट्या, वाफ सोडणारी यंत्रे, तापमापक सांगतात. आपल्याकडे मृग-आर्द्रा नक्षत्रांत हवा आपोआप दमट असते, तापमान सौम्य असते, आणि ढगांमुळे ऊन गाळून येते. जूनच्या अखेरीस बाटली उघडली तर ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत रोपाला तीन-साडेतीन महिने मिळतात. हीच बाटली मार्चमध्ये पुण्यात किंवा नाशिकला उघडली तर रोप जगवणे खरोखर अवघड. पूर्वपक्षातल्या जाणत्यांनी पाहिलेली अपयशे पुष्कळदा अशा अवेळी उघडलेल्या बाटल्यांची असावीत.

बाटली आणल्या आणल्या उघडू नये. आठवडा-दोन आठवडे ती उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी राहू द्यावी. मग रोपे काढून खोलीच्या तापमानाच्या पाण्यात अगार पूर्ण धुवावे, बोटांनी, घाई न करता. अगारातली साखर हे बुरशीचे खाद्य आहे आणि रोपांच्या मुळाशी राहिलेला कण पुढे सबंध कुंडी नासवतो. आकाराप्रमाणे रोपे वेगळी करावीत. एका पसरट कुंडीत किंवा भोके पाडलेल्या डब्यात, ओल्या पण पिळून घेतलेल्या मॉसमध्ये किंवा बारीक कोळसा-सोडणात, ती जवळजवळ लावावीत. एकमेकांच्या शेजारात रोपे अधिक चांगली वाढतात. त्यावर पारदर्शक झाकण ठेवावे, ते रोज थोडे अधिक उघडावे, आणि काही आठवड्यांत काढून टाकावे. कोकणात पावसाची झड थेट रोपांवर येऊ देऊ नये; छपराखाली, वारा लागेल अशी जागा हवी. कोंदट ओल मारते, वाहती ओल जगवते. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्यात, कारण एका रात्रीत त्या सगळी पाने फस्त करतात.

मुळांची टोके हिरवी होऊन पुढे सरकू लागली की खत. शेतकऱ्यांच्या दुकानात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत चालते, पण लिटरला चिमूटभर. शेतातली मात्रा रोपाला विष आहे. पाणी शक्यतो पावसाचे, साठवलेले. देशावरच्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते, आणि रोपे क्षारांनी मरतात तेव्हा मालक बुरशीला दोष देतो.

सुरुवातीला जात कुठली निवडावी? सीतेची वेणी, एरिडिसच्या आपल्याकडच्या जाती, सह्याद्रीतली डेंड्रोबियमे. जमिनीतल्या हबेनारिया, युलोफिया यांच्या बाबतीत मी पूर्वपक्षाला एक पाऊल जागा देतो : त्यातल्या काहींचे बुरशीशी नाते बाटलीबाहेर आल्यावरही घट्ट राहते, कंद धरण्याआधी पहिला उन्हाळा आला तर रोप हाती लागत नाही. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्याव्यात. एवढ्या सवलतीने मूळ नियम मात्र वाचत नाही.

नवशिक्यांना माझी विनंती आहे की येत्या जूनमध्ये फुलावरच्या झाडाऐवजी एक बाटली घ्या. घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा : रोपे बियांपासूनची आहेत का, आणि शेंग लागवडीतल्या झाडाची होती की रानातली? दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले नाही तर बाटली परत करा आणि दुसरीकडे जा.